थोरली बंद केली

सून मला विचारत नाही. पडदे धुवायला टाकू का, डब्याचं झाकण कुठं ठेवलंय, डॉक्टरकडे जाताना छत्री नेताय का, असलं सगळं विचारते. अगदी कान किटेपर्यंत विचारते. पण जिथं घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द घ्यायला हवा तिथं हिचं तोंड शिवलेलं. मनात ठरवते आणि करून मोकळी होते. मी तिला मनातल्या मनात घुमी म्हणते. भांडणारी सून परवडली, तिच्या पोटात काय आहे ते निदान ऐकू तरी येतं. आणि काम साधायचं तेही मी घराबाहेर असताना. मी डोळे तपासायला गेले आणि परत येईपर्यंत हिनं थोरली बंद करून ठेवली होती.

डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या. संध्याकाळपर्यंत असंच अंधुक दिसेल, उजेडाकडे बघू नका, म्हणाला. टॅक्सीतून उतरले तर रस्ता पांढराफेक आणि माणसं म्हणजे नुसते डाग. भिंतीला हात लावत पायऱ्या चढले. आमच्याकडे पुढं दुकान, मधल्या खोलीत काम आणि मागं आम्ही. घरात शिरायचं तर कामाच्या खोलीतूनच जावं लागतं. तिथं पाऊल टाकलं आणि मला वाटलं, थेंबांनी कानही गेले. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते लगेच कळेना. जिना संपलाय हे न कळून आणखी एक पायरी चढायला जावं आणि पाय हवेत पडावा, तसं झालं. मोरीतला नळ ठिबकत होता तो ऐकू आला; तो ठिबकतो हे मला या घरात कधी माहीतच नव्हतं. शेजारच्या इमारतीत कुणीतरी खुर्ची ओढली, ती ऐकू आली. माझाच श्वास ऐकू आला, म्हातारा, चढण चढून आलेला. अंगावरचं पांघरूण कुणी ओढून न्यावं तसं सगळं घर उघडं पडलं होतं. मग कळलं. थोरलीची गुणगुण थांबली होती.

थोरली म्हणजे यंत्र. आमचं दुकान सिग्नल जनरेटर दुरुस्त करण्याचं. ज्याला ठाऊक नाही त्याला मी एवढंच सांगते, की रेडिओ, वायरलेस, बोटीवरचे संच नीट करणारा माणूस त्यांना आधी एक ठरलेली लहर ऐकवतो आणि ते ती कशी ऐकतात ते बघतो. ती लहर सोडणारं खोकं म्हणजे सिग्नल जनरेटर. बटण जेवढ्यावर लावलं तेवढीच लहर सुटली पाहिजे. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. ते खोकं बिघडलं, किंवा त्याचं माप ढळलं, की आमच्याकडे येतं. आम्ही ते दुरुस्त करतो, माप पुन्हा लावतो आणि वर आमच्या नावाची चिठ्ठी डकवतो. आता आमचं माप खरं कशावरून? तर थोरलीवरून. बाकीच्या सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. तिच्या पोटात स्फटिकाची एक चकती आहे, ती थरथरते, आणि त्या थरथरण्याभोवती अंगठ्याएवढी एक भट्टी आहे जी तिला सदा सारख्या उबेत ठेवते. बाहेर आग पडो की थंडीनं दात वाजोत, आतली ऊब तेवढीच. हे मला आमच्या ह्यांनी लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. दुसरा नवरा काही वेगळं समजावता. शेवटी म्हणाले, काहीही झालं तरी हिचं बटण बंद करायचं नाही. एकदा थंड पडली की पुन्हा ताळ्यावर यायला दिवसच्या दिवस घेते, आणि आली तरी पूर्वीच्याच जागी येईल असं नाही. मी म्हटलं, म्हणजे ही तुमची थोरली बायको. ते हसले नाहीत. विचारात पडल्यासारखं करून म्हणाले, तसंच काहीसं. तेव्हापासून ती थोरली.

सवतीशी मी कधी वाकडेपणा केला नाही. तिच्या गुणगुणीत मी मूल वाढवलं, तापात पडले, बरी झाले. वीज गेली की ती बॅटरीवर जायची आणि तिचा आवाज जरा पातळ व्हायचा. तेवढ्यानंही मला झोपेतून जाग यायची. जुनी जागा सोडून या घरात आलो तेव्हाची गोष्ट. सामानाचा ट्रक पुढं गेला आणि आम्ही मागून छोट्या गाडीत. ह्यांच्या मांडीवर थोरली, माझ्या मांडीवर मुलगा, आणि माझ्या दोन पायांच्या मध्ये बॅटरी. बॅटरीपासून थोरलीपर्यंत तांबडी आणि काळी अशा दोन वायरी ताणलेल्या. हे म्हणाले, "हलू नकोस हं." एवढंच. पण त्या आवाजात विनवणी होती. संसारात त्यांनी माझ्याकडे पुष्कळ गोष्टी मागितल्या असतील, चहा, टॉवेल, शांतता; पण त्यांच्या कामासाठी मागितलेली ही पहिलीच. मी सगळा रस्ता पाय गच्च धरून बसले. मुलगा रडून रडून माझ्या खांद्यावर ओकला, तरी मी हलले नाही. पोटऱ्यांत गोळे आले होते. नव्या घरात तिला भिंतीच्या वायरीवर जोडली, आवाज होता तसाच आला, आणि ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की, जाऊ दे. म्हाताऱ्या बाईनं असलं बोलू नये. सांगायचं एवढंच, की ती न विझता या घरात आली ती माझ्या पायांतून आली. आणि हिनं ती बोटानं टक् करून बंद केली.

"कुणी बंद केली?" मी ओरडलेच.

"मी," सून म्हणाली. टेबलापाशी तिचा डाग वाकलेला दिसत होता. "आई, तिथंच थांबा. पायाशी वायर आहे."

"वायर गेली खड्ड्यात! कुणाला विचारून?"

"विचारलं नाही."

बघा. दुसरी असती तर म्हणाली असती, तुमच्या मुलाला विचारलं, वीजच गेली, चुकून हात लागला. ही सरळ सांगते, विचारलं नाही. माणसानं पुढं भांडायचं कसं? मी चाचपडत ह्यांच्या खुर्चीत बसले. उठून गेले असते, पण डोळ्यांना मागच्या खोलीतला उजेड सोसवेना आणि या खोलीत खिडकी लहान. शिवाय तिला एकटी सोडायची नव्हती. आणखी काय काय करून ठेवते कुणी सांगावं.

"सांग तरी, का?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिचं सांगणं म्हणजे सुईनं घातलेले टाके, लहान लहान आणि मध्ये भरपूर थांबणं. गच्चीवर तिनं एक वाटीएवढा अँटेना बसवला होता ते मला ठाऊक होतं. त्याच्यावर आकाशातल्या उपग्रहांची वेळ येते म्हणे, आणि ती वेळ कुणाच्या बापाची नाही, सगळ्या जगाची आहे. त्या वेळेची लहर तिनं पडद्यावर वर लावली आणि थोरलीची लहर खाली. दोन्ही सारख्या असतील तर खालची लाट जागच्या जागी उभी राहते. नसतील तर चालायला लागते. "आपली चालत होती, आई. जराशी चालली असती तर काही नव्हतं. स्फटिक वयानं ढळतो, ते सगळ्यांचंच होतं. पण ही कधी पुढं जायची, कधी मागं, कधी उभी. मला कळेना. मग लक्षात आलं, सकाळी तुम्ही मागचं दार उघडता ना, हवा घ्यायला, तेव्हा पळते. दार लावलंत की परत फिरते."

"म्हणजे माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं कळलं."

थोरलीला बाहेरची थंडी लागत होती. भट्टी नीट पेटत नव्हती. मी खुर्चीच्या हातावर हात घट्ट दाबून बसले. डोळ्यांपुढं सगळं दुधात बुडालेलं आणि त्या दुधात हिचा आवाज. मी रोज दार उघडत होते आणि ही इथं पडद्यापुढं बसून माझं दार बघत होती. मी कधी उठले, कधी बाहेर उभी राहिले, कधी सांधे दुखले म्हणून लवकर आत आले, सगळं हिला त्या लाटेवरून कळत असणार. कुणी आपल्याला इतकं बघत असेल असं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. राग यायला हवा होता. आला तो भलत्याच गोष्टीचा. हे गेल्यावर थोरलीला कुणी त्या मोठ्या प्रयोगशाळेत नेलं नव्हतं. पूर्वी हे तिला दरवर्षी घेऊन जायचे, बॅटरीसकट, आजारी मुलाला न्यावं तसे. तिथं तिचं माप बघून घ्यायचे. त्यांच्या दुखण्यात ते राहून गेलं आणि पुढं राहिलंच. पण तिथंही कधी तिचं पोट कुणी उघडलं नाही. उघडायचं तर बंद करावी लागली असती. बंद करायची नाही हा आमच्या घरचा नियम. म्हणजे नियम तिच्यासाठी आणि आजारही नियमाच्या आड लपलेला. आणि दुकानातली प्रत्येक पेटी तिच्याशीच जुळवून बाहेर गेलेली; सगळ्या तिच्याच तालात चुकत होत्या, म्हणून आमच्या घरात कुणीच चुकत नव्हतं.

माझा मुलगा दुकानात बसतो. बोलण्यात पटाईत आहे. आलेला माणूस याच्याशी बोलून हसत बाहेर पडतो. बापाची बोटं मात्र त्याच्याकडे आली नाहीत. ती कुठून तरी बाहेरून, लग्न करून घरात आली. सून पहिल्यापासून कुठल्याशा कंपनीत यंत्रांची मापं लावायची. ह्यांचा हात कापायला लागला तेव्हा ती या टेबलापाशी बसली आणि हे मागं याच खुर्चीत. आठवडे गेले, हे एक शब्द बोलले नाहीत. तिनं पेटी उघडली की हे पुढं झुकायचे, तिनं डाग द्यायला सोल्डरगन उचलली की हे घसा खाकरायचे. मी दारातून बघत असायची, आता बोलतील, आता तोडतील. दुसऱ्यानं सोल्डरगन धरलेली ह्यांना बघवायची नाही. चांगले चांगले कारागीर त्यांनी एका दिवसात घालवले होते. एका दुपारी चहा घेऊन आले तर हे खुर्चीत झोपलेले. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, आणि पुढं ही काम करतेय. मी चहा तसाच परत नेला. त्या दिवशी मला हिचा हेवा वाटला, खरंच सांगते. मी इतका संसार केला पण माझ्या भरवशावर हा माणूस दिवसाढवळ्या असा कधी झोपला नव्हता.

आता मला थेंबांमुळं दिसत नव्हतं, म्हणून मी ऐकत होते. स्क्रू एकेक करून बशीत पडत होते. ती ते घाईनं टाकत नाही. काठावरून सोडते, आणि ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं ओळीत लावते, ते मला माहीत आहे. झाकण निघालं तेव्हा जुन्या धुळीचा, तापलेल्या वार्निशचा वास आला. तिनं लांब श्वास घेतला. ती नेहमी आधी वास घेते, जळकं काही असेल तर नाकाला पहिलं कळतं. मग हाताची मागची बाजू न टेकवता वरून फिरवते, अजून ऊब कुठं आहे, कुठं नाही. तान्ह्या मुलाचा ताप आपण असाच बघतो. मग बराच वेळ काही नाही. स्पिरिटचा वास. ब्रशची खसखस. भिंगाचा दिवा चट्कन लागला तसा माझ्या डोळ्यांत पांढरा भाला घुसला. मी तोंड फिरवलं.

"सापडलं," ती म्हणाली. तिचा आवाज कधी वर जात नाही, आताही गेला नाही, पण त्यात काहीतरी सैल झालं.

"काय?"

"भट्टी तापवणारा जो भाग आहे ना, त्याच्या पायाभोवती सोल्डरच्या डागाला चीर गेलीय. गोल, केसाएवढी. सदा गरम, सदा गरम, थकलं ते. कधी चिकटायचं, कधी सुटायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच. आणि एवढ्यासाठी तिनं किती दिवस मनात काय काय वाहिलं असेल! एकदा वाटलं, उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा. पण मी तशी बाई नाही आणि तिला ते आवडलंही नसतं. मी म्हटलं, "नीट बघ, आणखी कुठं नसेल कशावरून?" ती म्हणाली, "बघतेय." आणि खरंच सगळं बघितलं, एकेक पाय, एकेक सांधा. मधेच थांबली. "आई, इथं माप लावायच्या स्क्रूवर लाल सील आहे. बाबांचं. हे फोडतेय." सांगितलं. विचारलं इथंही नाही. ते लाल सील म्हणजे माझं नेलपॉलिश. नवी नवरी असताना ह्यांनी हौसेनं आणलं होतं. मी एकदा लावलं, भांडी घासताना दोन दिवसांत उडालं, आणि उरलेली बाटली ह्यांनी टेबलावर नेली. लावलेलं माप हलू नये म्हणून स्क्रूवर त्याचा एक ठिपका द्यायचा. ती संपली तेव्हा स्वतः जाऊन तसलीच दुसरी आणली, दुकानदारानं विचारलं कुणासाठी, तर म्हणाले बायकोसाठी. कुठं कुठं गेले असतील ते माझे ठिपके, बोटींवर, कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत, मी कधी न पाहिलेल्या गावांत. हिच्या पात्याखाली कट् असा बारीक आवाज झाला. ह्यांच्या हातानं शेवटचं लावलेलं माप गेलं. खोलीत नळ ठिबकत होता.

चीर डागून थोरली पुन्हा चालू झाली तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. गुणगुण आली. जरा वेगळी वाटली, की मलाच वाटली? मुलगा दुकानातून आत आला आणि त्याला थोरलीची गोष्ट कळली ती तेव्हाच. म्हणजे त्यालाही तिनं विचारलं नव्हतं. तो आधी हसला. मग पुढचं ऐकून हसायचा थांबला. तिला सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करायचे होते. ज्यांच्या पेट्या हे गेल्यापासून आमच्या चिठ्ठीनिशी बाहेर गेल्या त्या सगळ्या परत मागवायच्या होत्या.

"वेड लागलंय का तुला? फरक केवढा? दहा लाखांत एखाद-दुसऱ्या भागाचा. कुणाला कळणार आहे?"

"कुणाला कळणार नाही, ते खरं."

"मग?"

"पुष्कळांना फरक पडणारही नाही. पण कुणाला पडतो ते आपल्याला कुठं ठाऊक? ते त्यांनी सांगू दे."

"आई, ऐकतेस ना? तू सांग हिला. बाबांनी जन्म घालवून नाव केलं, ही एका दुपारी धुऊन टाकणार. उद्या बाजारात लोक काय म्हणतील? हिला दुकानात बसायचं नाही, तोंड मला द्यायचंय."

तो खोटं बोलत नव्हता. तोंड त्यालाच द्यायचं होतं. दोघंही माझ्याकडे बघत असणार. मला दोन डाग दिसत होते, एक हलणारा आणि एक स्थिर. दुकान माझ्या नावावर आहे, शेवटचा शब्द माझा, हे दोघांना ठाऊक होतं. मी डोळे मिटले. हे असते तर काय केलं असतं, एवढंच शोधायचं होतं. सोपं वाटलं होतं. पण मनात ह्यांना उभं केलं तर ते कधी असं बोलायचे, कधी तसं. मला आठवलं ते त्यांचं मान वर करून चालणं. एखाद्यानं त्यांच्या मापाबद्दल नुसता प्रश्न केला तरी घरी येऊन न जेवता झोपायचे. असा माणूस दारोदार फोन करून सांगेल, की माझी थोरली चुकली? कदाचित सांगेल. कदाचित गुपचूप भेग बुजवेल आणि जो जो पेटी परत आणेल त्याची हळूच नीट करून देईल. मला ठाऊक नाही. गेलेल्या माणसाला आपण फार चांगलं करून ठेवतो, मग अडचणीच्या वेळी त्याच्याकडे गेलं तर तो फोटोसारखा नुसता बघत राहतो. त्या बंद पापण्यांआड मला पहिल्यांदाच भीती वाटली, की आता इथं विचारायला वर कुणी नाही. मीच आहे.

तेवढ्यात पुढून बोटवाल्याचा आवाज आला. हा बोटींवरचे वायरलेस संच दुरुस्त करतो, आमचं फार जुनं गिऱ्हाईक, आणि आवाज असा की समुद्रातून हाक मारल्यासारखा. "अहो मालकीणबाई! पेटी झाली का माझी, की अजून न्हाऊमाखू घालताय?" म्हणत तो कामाच्या खोलीतच घुसला. त्याची पेटी फळीवर तयार होती. त्यानं उचलली, फिरवून बघितली.

"चिठ्ठी कुठाय?"

"अहो, नव्या छापायला टाकल्यात," मुलगा म्हणाला, "तुम्ही घेऊन जा, मी मागाहून पाठवतो."

"चिठ्ठ्या आहेत," सून म्हणाली. "मी काढली. माप खात्रीचं नाही."

आणि तिनं सांगितलं. जेवढं आम्हाला सांगितलं तेवढंच, तशाच आवाजात, एक शब्द कमी नाही आणि स्वतःला वाचवायला एक जास्त नाही. बोटवाल्यानं पेटी परत फळीवर टेकवली.

"म्हणजे गेल्या खेपेला नेली तीही?"

"तीही असेल."

"तिच्यावर मी संच लावले, बाई! बोटी गेल्या समुद्रात! आता काय पोहत जाऊ मागनं?"

"परत येतील तेव्हा बघा. फरक थोडाच असेल. पण असेल."

"थोडाच म्हणे." तो माझ्याकडे वळला. "मालकीणबाई, साहेबांच्या वेळी असं कधी झालं नाही."

"साहेबांच्या वेळी कुणी उघडून बघितलं नाही," मी म्हटलं.

हे मी बोलले हे मला बोलल्यावर कळलं. मुलगा "आई!" म्हणाला. बोटवाल्यानं पेटी पुन्हा उचलली. मग म्हणाला, ठीक आहे, मी दुसरीकडे बघून घेतो, आणि पेटी काखोटीला मारून गेला. दुकानाचं दार आपटलं नाही त्यानं. हळूच लावून घेतलं. ते जास्त लागलं. मुलगा म्हणाला, "झालं समाधान? हा पहिला." आणि तोही पुढं जाऊन बसला, पण दाराजवळच, आमचं ऐकू येईल असा.

उजेड उतरला होता. थेंबांचा अंमलही उतरत होता. कडा परत येत होत्या, टेबलाची, दिव्याची, हिच्या मनगटाची. मी उठून तिच्यामागं जाऊन उभी राहिले. पडद्यावर दोन लाटा होत्या, हिरव्या. मी वाकून डोळे बारीक केले. वरची उभी होती. खालचीही उभी होती. मी बराच वेळ बघितलं, हलते का, हलते का. केसात एक पांढरी बट हिला कधी आली? माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"अजून काही दिवस हिच्यावर विसंबायचं नाही," ती म्हणाली. "अजून स्थिरावतेय. पण आई, मागचं दार उघडून बघता?"

मी मागच्या खोलीतून गेले, कडी काढली, दार सताड उघडलं. संध्याकाळची गार हवा तोंडावर आली, माझ्या बाजूनं आत शिरली, कॅलेंडरची पानं फडफडली. मी तिथूनच ओरडले, "पळाली का?"

"नाही."

"नीट बघ!"

"नाही हलली, आई. तुम्ही या बघायला, दार राहू दे उघडं."

मी गेले. लाट उभी होती. पाठीला वारा लागत होता, हिचे केस उडत होते, आणि ती हिरवी रेघ तशीच, कुणी सांगितल्यासारखी, उभी. मला एवढं बरं वाटलं की लाज वाटली. आजवर मी तिचा नुसता आवाज ऐकला होता. ती खरी आहे हे माझ्या डोळ्यांनी मी आज बघत होते. ह्यांनी मला कधी दाखवलं नाही. त्यांना वाटलं नसेल मला कळेल. हिला वाटलं.

सुनेनं फोन उचलून हातात घेतला. नंबर लावला नाही. पुढच्या दारातून मुलाचा खोकला ऐकू आला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात, तर कुणालाच फोन करणार नाही."

"आता विचारतेस होय गं?" मी म्हटलं. पुढच्या दारात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. "सकाळी थोरली बंद करताना विचारलं असतंस, तर मी साफ नाही म्हटलं असतं. आणि तू ऐकलंही असतंस, तशीच आहेस तू. मग ती त्या भेगेवरच गुणगुणत बसली असती, आणि आपण सगळे तिच्यापुढं माना डोलवत. न विचारता केलंस तेच या घरात कितीतरी वर्षांत कुणी केलेलं शहाणं काम. ह्यांनाही ते जमलं नसतं, आणि हे मी सांगतेय, त्यांची बायको. या टेबलापाशी यापुढं मला विचारायचं नाही. लाव फोन, आधी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे त्याला लाव. आणि सासूबाईंनी सांगितलं म्हणून, असं त्याला म्हणू नकोस. तुझ्याच तोंडानं, मी सांगते, असं म्हण."